बंद फ्लॅटमधलं रडणं

शेजारच्या फ्लॅटमध्ये तान्हं मूल रडतंय असं आई पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मी तळोज्याला कामावर होतो. बायकोचा फोन आला. ती शाळेत शिकवते, दुपारी घरी येते. लिफ्टमधून बाहेर पडली तर आई शेजारच्या दाराला कान लावून उभी, आणि हातात दुधाची वाटी.

"अरे, त्या फ्लॅटला कायम कुलूप असतं," बायको म्हणाली. "मी आईंना सांगितलं तसं. तर म्हणतात, कुलूप हाय म्हनूनच तर रडतंय."

मी हसलो. बायको हसली नाही.

आमचं गाव उरणच्या खाडीकाठचं. वडील बंदरात कामाला होते, आई मासळी विकायची. बाजारात तिच्या शेजारी टोपली मांडायला बायका बिचकत, कारण गिऱ्हाईक आणि भांडण दोन्ही ती आपल्याकडे ओढून घ्यायची. वडील गेल्यावर काही वर्षं ती गावात एकटीच राहिली. माझी बहीण जवळच्याच गावात दिलेली, ती येऊन-जाऊन बघायची. मग आई ओट्यावरून घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर मी तिला पनवेलला आमच्याकडे आणलं. चौदाव्या मजल्यावर. आमच्या गॅलरीतून पश्चिमेला खाडी दिसते. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने दोन-तीन दिवस बघितलं आणि म्हणाली, "येवढ्या वरना पानी पानी वाटत नाय. पत्रा टाकल्यासारका वाटतो."

ती काठी टेकत घरभर हिंडायची, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, मासळीवाल्याला खाली गेटवर थांबवून त्याच्याशी इंटरकॉमवरून हुज्जत घालायची. म्हणजे आई होती तशीच होती. म्हणून त्या मुलाच्या रडण्याचं मी फार मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. आठवडाभरात वॉचमनलाही सवय झाली. मी गाडी लावून येत असलो की तो खुर्चीतून उठून हळूच सांगायचा, "साहब, माताजी आज भी गई थीं."

आणि मग एका दुपारी आईने मजल्यावरच्या सगळ्या घंटा वाजवल्या. माणसं बाहेर आली. आई मधोमध उभी राहून ओरडत होती, की पोराला आत कोंडून आईबाप कामाला गेलेत आणि तुमच्यापैकी एकालाही काळीज नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या तरुण जोडप्याने कान देऊन ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'संबंधितांनी कृपया आपल्या ज्येष्ठांची काळजी घ्यावी.' मी तो व्हिडिओ कँटीनमध्ये बसून पाहिला. आईचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. बाजारात पन्नास बायकांसमोर भांडतानाही तिचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नव्हता.

आम्ही तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शांतपणे पुष्कळ प्रश्न विचारले. आज वार कोणता, या इमारतीचा मजला कितवा, आत्ता सांगितलेले तीन शब्द पुन्हा सांगा. वार तिने बरोबर सांगितला. तीन शब्दांतला एकच सांगितला आणि वर म्हणाली, "बाकीचे तुमचे तुमी लक्षात ठेवा, माज्या काय कामाचे?" डॉक्टर हसले, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "भास असू शकतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. एमआरआय करून घेऊ." आणि विचारलं, की त्यांचं एखादं मूल लहानपणी गेलं होतं का?

मला माहीत नव्हतं. बहिणीला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. मग आम्ही मावशीला विचारलं. आईची सगळी बाळंतपणं तिच्याच समोर झालेली. मावशी म्हणाली, "दोन झाली, दोनी जगली. तुमीच ते." एवढंच होतं. आमच्या घरात लपवलेलं असं काही नव्हतं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. माझं काम वाऱ्याचं आहे. शिक्षण झाल्यावर मी पहिली काही वर्षं दक्षिणेत विमानाचे भाग बनवणाऱ्या एका ठिकाणी होतो. एखादा भाग उड्डाणात किती आणि कसा थरथरेल याचं आधी गणित मांडायचं, त्याला आम्ही मॉडेल म्हणतो, आणि मग तोच भाग हलत्या टेबलावर घट्ट बसवून खरोखर थरथरवून बघायचं. गणित आणि चाचणी जुळली तर भाग पुढे जाणार. तिथले माझे वरिष्ठ एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. ते म्हणत, "दोन्ही पहिल्याच फटक्यात जुळलं ना, की आनंद करू नकोस. आपण प्रश्नच सोपा करून घेतला नाही ना, ते आधी बघ."

वडील आजारी पडल्यावर मी इकडे परत आलो आणि तळोज्यातल्या एका कंपनीत लागलो. आम्ही वारा मोजायची उपकरणं बनवतो. एका काठीच्या टोकाला तीन वाट्या असतात आणि त्या वाऱ्याने गरगर फिरतात, ते उपकरण अनेकांनी पाहिलेलं असतं. डोंगरावर पवनचक्की उभी करण्याआधी तिथे उंच खांब रोवून त्यावर ही उपकरणं लावतात आणि वर्षभर वारा मोजतात. त्यात जराशी चूक झाली तरी ती पुढे फार फुगते. वारा दुप्पट झाला तर चक्कीच्या पदरात पडणारी ताकद आठपट होते. म्हणून आमच्याकडे एक छोटा विंड टनेल आहे. लांब पेटीसारखी ती रचना असते, एका टोकाला मोठा पंखा, मध्ये काचेची खिडकी. प्रत्येक उपकरण त्यात तपासूनच बाहेर जातं. तिरकस वाऱ्यात, झोतात, उपकरण काय दाखवेल याचं मॉडेल मी करतो आणि टनेलमध्ये त्याची परीक्षा घेतो.

एमआरआयची तारीख मिळाली होती. त्याआधीच्या रविवारी दुपारी मी हॉलमध्ये लवंडलो होतो. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, दुपारनंतर खाडीवरून वारा जोर धरतो तशातली वेळ. गॅलरीचं दार उघडं होतं. आणि मला ते ऐकू आलं.

आधी बारीक, नाकातून काढल्यासारखा सूर. मग तो चढला, तुटला, पुन्हा लागला. दोन हुंदक्यांमध्ये मूल जसं श्वास घ्यायला थांबतं तसं मधे थांबला. आई खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आयकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणालो.

ती रडायला लागली. गेले कित्येक दिवस तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. मी उठून तिच्याजवळ बसलो, तिचा हात हातात घेतला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अतोनात आनंद झाला. आईला भास होत नव्हते. आवाज होता. आणि आवाज असेल तर त्याला कारण असणार, आणि कारण शोधणं हा तर माझा धंदा.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून परवानगी घेऊन मी एक वारामापक आणि एक चांगला मायक्रोफोन घरी आणला. वारामापक गॅलरीच्या कोपऱ्यात बांबूला बांधला. आठवडाभर नोंदी घेतल्या. चित्र लगेच स्पष्ट झालं. वारा पश्चिमेच्या जरा दक्षिणेकडून आला आणि त्याने एक ठराविक वेग ओलांडला की रडणं सुरू व्हायचं, वेग त्याखाली उतरला की थांबायचं. झोत येत-जात राहायचे म्हणून हुंदके. दिशा थोडी बदलली की कितीही वारा असो, शांतता. समोरच्या जोडप्याला ऐकू न येण्याचं कारणही हेच. त्यांची खिडकी पूर्वेला उघडते, आणि त्या दिवशी सगळे गोळा होईपर्यंत झोत ओसरला असणार. बायको दुपारी आली की गॅलरीचं दार लावून एसी लावायची, म्हणून तिच्याही कानावर तो कधी आला नव्हता.

पण आवाज नेमका कुठून येतो ते कळेना. मी आधी आमच्याच घरावर संशय घेतला. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, एसीच्या नळीचं भोक बुजवलं, बाथरूमची झडप काढून ठेवली. रडणं चालूच. मग मोबाइल काठीला बांधून तो शेजारच्या गॅलरीच्या बाजूला धरला आणि व्हिडिओ घेतला. त्या गॅलरीचा कठडा पोकळ स्टीलच्या उभ्या पाइपांचा होता. कधीकाळी कुणीतरी त्यावर जाळी बसवली असावी आणि मग काढून नेली असावी. स्क्रू निघाले होते, भोकं राहिली होती. प्रत्येक पाइपला कडेच्या बाजूने एक गोल, उघडं भोक.

बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की बाटली वाजते, तसंच हे. भोक केवढं, पाइप आत किती लांब, यावरून सूर कोणता लागेल आणि किती वाऱ्याला लागेल हे काढता येतं. व्हिडिओवरून अंदाजाने मापं घेऊन मी कंपनीत बसून गणित मांडलं. उत्तर आलं ते माझ्या नोंदींच्या इतकं जवळ होतं, की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग चाचणी. तसाच पाइप बाजारातून आणला, तेवढंच भोक पाडलं, दोन्ही टोकं बंद केली आणि टनेलमध्ये उभा केला. आमच्या विभागातली एक तरुण इंजिनियर मदतीला होती. तिला घरी पाच-सहा महिन्यांचं मूल, नुकतीच रजेवरून परत आलेली. तिने पंखा हळूहळू वाढवत नेला. काही वेळ नुसती हवेची सळसळ. आणि मग ठरल्या वेगाला, काचेच्या मागून, मूल रडलं.

टनेलच्या बंद पेटीत तो आवाज घरच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होता. मी वेग थोडा कमी-जास्त करायला सांगितला आणि हुंदके निघाले. दारात दोघं-तिघं जमले होते. एकजण हसला आणि लगेच आपल्या टेबलाकडे परत गेला. त्या मुलीने मला न विचारता पंखा बंद केला. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "सर, झालं ना सिद्ध? आता पुरे." आणि ती फोन घेऊन बाहेर गेली. घरी फोन करायला, हे सांगायला नको.

मी मात्र त्या संध्याकाळी गाणी लावून घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, आलेख दाखवले, टनेलमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. आणि म्हणालो, "आता एमआरआय कशाला? त्या मशीनमध्ये आईला उगाच घाबरवायचं."

बायकोने रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "आवाज खरा आहे. मला पटलं."

"मग?"

"आवाज तुलाही आला ना? तू दूध घेऊन गेलास का?"

मला तिचा भयंकर राग आला. मी म्हणालो, तुला आईला वेडं ठरवायचंच आहे. ती म्हणाली, "मी रोज दुपारी त्यांच्याबरोबर असते. तू नसतोस. काल त्यांनी मला दोनदा विचारलं की मी कुणाची. गॅसवर रिकामं भांडं ठेवतात. हे सगळं वारा करतो का?" मी म्हणालो, म्हातारपणी विसरायला होतंच. बहिणीला फोन लावला, तिने माझीच बाजू घेतली. तिलाही तेच हवं होतं. एमआरआय पुढे ढकलला. त्यावरून बायको आणि मी बरेच दिवस कामापुरतंच बोललो.

शेजारच्या फ्लॅटचा मालक आखातात. किल्ली पनवेलच्या एका एजंटकडे होती. तो अतिशय सज्जन, वयस्कर मुसलमान गृहस्थ. मी फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, त्यात काय! मालकाशी मी बोलतो. आणि तुमच्या अम्मींना पण घेऊन या. त्यांना तसल्ली होऊ दे."

तो दिवस मला तपशीलवार आठवतो. वारा होता, पण आवाज होण्याइतका नव्हता. एजंटने दार उघडलं. आत महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि कोंदट वास. "या खाला, आत या," मावशीला हाक मारावी तसं तो आईला म्हणाला. "सगळं बघून घ्या."

आई आत गेली. काठी टेकत तिने प्रत्येक खोली पाहिली. बेडरूममध्ये वाकून पाहिलं, जरी वाकून बघायला तिथे पलंगही नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालची कपाटं एकेक करून उघडली. सिंकखालचंही. मी आणि एजंट दारात उभे होतो. एजंट खाली मान घालून किल्ल्यांशी चाळा करत होता.

"कोनी नेला त्याला?" आई म्हणाली.

"आई, इकडे ये. दाखवतो तुला." मी तिला गॅलरीत नेलं. भोकं दाखवली. वारा यातून जातो आणि वाजतो, म्हणालो. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. म्हणून मी कठड्याजवळ गुडघ्यावर बसलो, एका भोकाच्या कडेला ओठ नेले आणि जोरात फुंकर मारली. एक-दोनदा नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा सूर लागला. बारीक, रडका.

मी मान वर करून आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती हसेल. मला लहानपणी वाटायचं तसं वाटलं, शाळेतून काहीतरी करून आणून तिला दाखवताना.

आई दोन पावलं मागे सरकली. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"तू?" ती म्हणाली. "तू रडवतंस त्याला?"

एजंट पुढे झाला आणि तिला खांद्याला धरून हळूहळू बाहेर घेऊन गेला, काहीबाही बोलत, "चला खाला, बसू या, पाणी घ्या." मी तिथेच बसून राहिलो. मग पिशवीतून रबरी बुचं काढली आणि एकेक भोक बंद केलं. बुचं निसटून खाली पडत होती. तरी सगळी बसवली.

त्यानंतर आवाज बंद झाला. मी महिनाभर मोजत राहिलो. वारा त्याच दिशेने, त्याच वेगाने आला, त्याहून जास्त आला, पण मायक्रोफोनवर काही नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं, आलेख टाकला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन आईच्या पाया पडून गेले. व्हिडिओ ज्याने काढला होता त्याने तो पुसून टाकल्याचं कळवलं. आईही दाराकडे जाईनाशी झाली. पावसाळाभर ती शांत होती. जरा जास्तच शांत, मासळीवाल्याशी भांडणंही कमी झालेली. पण मी त्यातलं शांत तेवढंच घेतलं. गॅलरीत तिने मला विचारलेला तो प्रश्न मी कोणालाच सांगितला नाही. बायकोलाही नाही.

पाऊस सरला आणि ऊन तापलं. अशा दिवसांत पनवेलला वारा अगदी पडतो. तळोज्याच्या कारखान्यांचा वास इमारतींमध्ये तसाच तरंगत राहतो, झाडाचं पान हलत नाही. अशा एका दुपारी मी सुट्टी घेऊन घरी होतो. बाथरूममधून बाहेर आलो तर घराचं दार सताड उघडं. आई शेजारच्या दाराशी उभी. कान लावलेला. वाटी हातात.

मी आधी गॅलरीत गेलो. का गेलो ते आज सांगता येणार नाही, पण आईकडे जाण्याआधी मी गॅलरीत गेलो. वारामापक अजून बांबूला बांधलेलाच होता. त्याच्या तिन्ही वाट्या स्तब्ध. मी कान देऊन उभा राहिलो. खालून एक्सप्रेसवेची घरघर, कुठेतरी ड्रिल. बाकी काही नाही.

मग आईजवळ गेलो. दाराला मीही कान लावला. आमचे चेहरे इतके जवळ आले की तिचा श्वास मला लागत होता.

"आई, काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"हलू रडतंय आता," ती कुजबुजली. "दमलाय तो. किती रडंल?"

दूध वाटीतून सांडून तिच्या मनगटावरून ओघळत होतं. मी वाटी घेतली. तिने दिली. तिला आत आणून बसवलं, हात पुसला. बायको आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. पर्स ठेवली, डॉक्टरांचा नंबर काढला आणि फोन माझ्या हातात दिला.

एमआरआय झाला. त्या मशीनमध्ये आई घाबरली नाही, उलट झोपली. निदान जे व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी चित्रावर पेनाने दाखवलं, मेंदूचा कुठला भाग आकसलाय. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, पाइप, वारा, टनेल. ते मन लावून ऐकत होते.

"म्हणजे आवाज खरोखर होता," ते म्हणाले. "आणि हा आजार त्याच्याही आधीपासून होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं."

"तेव्हाच आलो असतो तर?"

"फार फरक पडला नसता."

हे त्यांनी डॉक्टर म्हणून सांगितलं की माझ्याकडे बघून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मांडलेलं गणित चुकीचं नव्हतं. चाचणीही चुकीची नव्हती. त्या पाइपातून आवाज का येतो, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर होतं, आणि मी ते आईचं उत्तर समजून बसलो होतो.

त्याला आता बराच काळ झाला. मधे बहिणीने तिला गावी नेलं, खाडी बघून बरं वाटेल म्हणून. दुसऱ्याच दिवशी आई ओहोटीच्या चिखलात गुडघाभर जाऊन उभी राहिलेली सापडली. मासळी आणायला निघाले होते, म्हणाली. बहीण फोनवर ढसाढसा रडली, आणि आई परत आमच्याकडे आली. आता दिवसा पनवेलजवळच्या कोन गावातून एक बाई तिच्यासाठी येतात. त्या घट्ट मनाच्या आहेत. आई रागावून अंगावर धावली तरी हलत नाहीत. बायकोने शाळेत अर्धा दिवस करून घेतलाय. मी जमेल तसं घरून काम करतो. बायको आणि मी पुन्हा नीट बोलतो, पण त्या आठवड्यांबद्दल कधी बोललो नाही. मी एकदा माफी मागायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "भाजी करपेल, बघ जरा," आणि मी बघायला गेलो.

शेजारच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. त्यांना खरंच तान्हं मूल आहे. ते रडतं तेव्हा भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं. आम्ही दोघं अशा वेळी चमकून आईकडे बघतो. आई मान वळवून बघतसुद्धा नाही.

मागच्या रविवारी मी तिच्यासमोर चहा घेऊन बसलो होतो. बराच वेळ तिने मला निरखलं. मग पदर सावरला, सरसावून बसली.

"तुमी कंच्या गावचे?" तिने विचारलं.

आयुष्यात आईने मला 'तुमी' म्हटलं नव्हतं. मी आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"मंग आमचेच की तुमी!" तिचा चेहरा उजळला. "कुनाचे?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तिने मान हलवली, म्हणजे ओळखते असं. मग सूनबाईला हाक मारली, की पाव्हण्यांना बिस्किटं दे गो, नुसता च्या काय देतंस. बायको बशी घेऊन आली आणि दारातच थांबली. मी तिला डोळ्यांनी ये म्हणालो. आईने बशी माझ्याकडे सरकवली.

"घ्या," ती म्हणाली. "लाजू नका."

मी एक बिस्किट घेतलं. मग तिने मला विचारलं, यंदा गावात मासळी कशी आहे. मी म्हणालो, बरी आहे. ती म्हणाली, बरी म्हणजे काय, नीट सांगा. आणि मी नीट सांगायला लागलो.